पाच थेंबांचा कागद

४ फेब्रुवारी
बरॅक चार

प्रिय ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तो प्रत्यक्ष घालायला इथे जागा नाही. माझ्या वाट्याला दोन हात रुंद जमीन आली आहे आणि तिच्या पायथ्याशी दुसऱ्याचे डोके आहे. तेव्हा नमस्कार घडी घालून पाठवतो, तिकडे उलगडून घे.

तुझ्याआधी हे पत्र आपले आद्य वाचक वाचतील. ते फाटकाजवळच्या खोलीत बसून आम्हा सगळ्यांची पत्रे तपासतात. सव्वीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले, पण माझे अक्षर न् अक्षर इतके मन लावून वाचणारा मला तुरुंगातच भेटला. साहेब, आपल्यालाही नमस्कार.

दिवस कसा जातो म्हणून विचारतेस. सकाळ मोजणीत जाते. दुपारी बारा ते तीन आम्हाला आत घालून दार लावतात, आणि त्या तीन तासांत बरॅकची होडी होते. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन खाली उतरतो आणि अठ्ठेचाळीस निजलेल्या माणसांवरून सरकत जातो, कुणाच्या पायावरून, कुणाच्या पोटावरून. पाहता पाहता वाटू लागते की ऊन जागच्या जागी आहे आणि आम्हीच वाहत चाललो आहोत. मग नदी येते. रोज तीच, रुंद, आवाज न करणारी. काठाकाठाने एक सायकल जात असते. सायकलवाल्याविषयी तुला नव्याने काय सांगू? गाडी चालवताना माझा डोळा लागला चार सेकंद. त्या चार सेकंदांची मला चार वर्षे मिळाली. त्याला काहीच मिळाले नाही. स्वप्नात तो वळून पाहत नाही आणि मीही हाक मारत नाही.

माझ्या उजवीकडे उस्ताद झोपतो. बाहेर शिंपी होता. आत आल्यावर त्याच्या हाती वस्तरा दिला गेला. “कापणं ते कापणंच, मास्तर,” म्हणतो, “फक्त कापड ओरडत नाही.” रविवारी तो चोवीस दाढ्या करतो आणि पाती मिळतात तीन. आमचा व्यवहार सोपा आहे. तो माझी दाढी करतो, मी त्याच्या बायकोला पत्र लिहितो, कारण त्याला सहीपलीकडे लिहिता येत नाही. दोन्ही कामांत रक्त निघू नये एवढी काळजी घ्यावी लागते.

बातमी म्हणशील तर एकच. महिनाअखेरीस दवाखान्याची माणसे येणार आहेत. बोटाला टोचून रक्त घेणार आणि त्यात बी व सी या दोन काविळी आणि एचआयव्ही शोधणार. सक्ती नाही. मी नाव दिलेले नाही. अपघातापासून रक्त दिसले की माझे डोळे फिरतात, हे तू जाणतेस. शिवाय चहापलीकडे जन्मात काही न प्यायलेल्या माणसाच्या यकृताला कोण कशाला त्रास देईल?

तुझा मावसभाऊ,
पोथ्या


१२ फेब्रुवारी

पोथ्या,

नमस्कार उलगडला. घडीच्या खुणा राहिल्यात, पण चालेल.

चहाचा आणि त्या काविळीचा काय संबंध? तू पाण्यातून होणाऱ्या काविळीशी गल्लत करतोयस. बी आणि सी रक्तातून जातात रे बाबा. सुईतून, पात्यातून. एका ताटात जेवून नाही, एका भांड्यातलं पाणी पिऊन नाही, शेजारी झोपून नाही. एकतीस वर्षं रक्तपेढीत काढली मी, आणि तू मला चोवीस दाढ्या नि तीन पाती हा विनोद म्हणून सांगतोस! माझ्या अंगावर काटा आला.

हा आजार फार सभ्य असतो. वीस-वीस वर्षं दुखत नाही, खुपत नाही, घरात राहतोय असं जाणवूही देत नाही. आणि मग एक दिवस पोट फुगतं. पण आता सीवर गोळ्या आल्यात. बारा आठवडे घ्यायच्या, आणि जवळजवळ सगळे बरे होतात. फक्त गोळी कुणाला द्यायची ते आधी कळायला नको का?

तेव्हा नाव दे. मला शब्द दे. तुझ्या आईची शपथ घालणार होते, पण लेखणी अडली. का, ते पुन्हा केव्हातरी.

नोकरी संपल्यापासून मलाही दुपारी डोळा लागतो. स्वप्नात रक्तपेढीचा तो मोठा फ्रीज गुणगुणत असतो. मी दार उघडते, तर बाटल्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. आणि प्रत्येक बाटली कुणाची ते मला माहीत असतं, पण तोंड उघडत नाही.

जाऊ दे. नाव दे.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

चाचणी झाली. तुझा शब्द राहिला.

ग्रंथालयाच्या खोलीत टेबल मांडले होते. (ग्रंथालय म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली हरवलेली.) सिस्टर चष्मेवाल्या आहेत, आवाज मऊ, हात भराभर चालणारे. आमच्या शर्टावर छातीशी नंबर शिवलेला असतो. तो वाचायचा, कार्डावर लिहायचा, बोट पुसायचे, टोचायचे. जाड कागदावर पाच गोल छापलेले असतात. एकेका गोलात एकेक थेंब. मग कार्ड खिडकीशी वाळत ठेवायचे. दुपारपर्यंत तिथे अशी तीस-पस्तीस कार्डे झाली. मला वाटले, कुणीतरी लहान लहान सूर्यास्त ओळीने वाळत घातले आहेत. खुनी असो, चोर असो, की झोप लागलेला मास्तर असो, प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर पाच. उन्हात ते तांबड्याचे तपकिरी होत गेले. इतका वेळ मी टक लावून पाहिले, तरी डोळे फिरले नाहीत. भिंतीला टेकून होतो, एवढेच.

निकाल तीन-चार आठवड्यांनी. उस्तादाने काही नाव दिले नव्हते. “तीन महिन्यांनी सुटायचंय, मास्तर. सुटताना माणूस पिशवी हलकी करतो, भरून घेत नाही.” तरी तो त्या दिवशी माझ्यासाठी तिथवर आला. मैत्री म्हणतात ती ही.

शेवटी सगळ्यांना गोड चहा आणि एक केळे मिळाले. केळे मी उस्तादाला दिले.

तुझा पोथ्या


९ मार्च

पोथ्या,

शाबास! तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, सूर्यास्तांसकट. ती म्हणाली, तुमचा भाऊ कवी आहे का? मी म्हटलं, नाही, भित्रा आहे, पण आज नव्हता.

एक गंमत वाटली. एवढी माणसं मी टोचली. टोचताना कुणी बोटाकडे बघतं, कुणी छताकडे. अख्खी खोली बघून आलेला तू पहिलाच. असो. सवय नाही ना, म्हणून असेल.

निकाल आला की लगेच कळव. आणि दाढी वाढव. ऋषी दिसलास तरी चालेल.

ताई


२७ मार्च

ताई,

निकाल आला. सी.

बी नाही, एचआयव्ही नाही. माझ्या नंबरच्या कार्डावर सीची खूण उमटली आहे. आता दंडातून दुसरे रक्त घेतील, मग पक्के कळेल. मी सिस्टरांना सांगितले की दोन दिवस चक्कर येते आहे, थोडे थांबा. त्या थांबल्या आहेत.

इथल्या रीतीत एक खोट आहे. पहिल्या वेळी सगळेच रांगेत असतात, तेव्हा कुणी कुणाकडे पाहत नाही. पण दुसऱ्यांदा फक्त ज्यांच्यात काही निघाले त्यांचेच नंबर पुकारतात. सिस्टर तोंडाने अवाक्षर काढत नाहीत. ती हाकच सगळे सांगून टाकते. मी उठून गेलो आणि परत येऊन पाहतो, तर माझे पांघरूण होते तिथेच होते, पण आजूबाजूची जमीन वाढली होती. दोन हातांची चार हात. आता साष्टांग नमस्कार घालता येईल.

माझा पेला वेगळा झाला. पत्रे लिहून घ्यायला रोज चार-पाच जण यायचे, ते येईनासे झाले; माझ्या अक्षरातून काही लागेल असे वाटत असावे. मी मनात म्हणतो, संस्कृत सव्वीस वर्षांत एकालाही लागले नाही, तर हे काय लागणार!

उस्ताद मात्र हलला नाही. तिथेच झोपतो. पण बोलत नाही. रविवारी वस्तरा काढलाच नाही त्याने. म्हणाला, मनगट दुखतंय. बरॅकभर आता दाढ्या वाढल्या आहेत. आश्रमच म्हण ना, फक्त तपश्चर्या कुणी केलेली नाही.

दुपारी नदी येते. पाणी चढले आहे. मी काठावर उभा असतो आणि माझ्या हातात कुणाचा तरी शर्ट असतो, ओला.

काळजी करू नकोस, असे लिहिणार होतो. पण तू करणारच, म्हणून शाई वाचवतो.

पोथ्या


३ एप्रिल

पोथ्या, माझ्या राजा,

पत्र वाचलं, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं.

आधी कामाचं. दुसरं रक्त लगेच दे. पहिल्या कार्डावर खूण आली म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढंच कळतं. चारातल्या एखाद्याचा तो आपणहून निघूनही जातो. अजून आत बसलाय की गेलाय, ते दुसऱ्या रक्तात दिसतं. बसला असेल तर गोळ्या. संपला विषय.

आता बिनकामाचं, म्हणजे खरं.

तुझ्या आईला हाच आजार होता. तुझ्या आधी एक बाळ गेलं, त्या वेळी मावशीला रक्त चढवलं होतं. तेव्हा ते तपासायची सोय नव्हती, आजाराला धड नावसुद्धा नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी तिचं पोट बिघडायला लागलं आणि काकांनी तिचं रक्त माझ्याकडेच आणून दिलं, घरची म्हणून. रिपोर्ट मी वाचला. काका म्हणाले, “तिला सांगू नकोस. पोथ्यालाही नको. लोक नाही नाही ते बोलतील.” मी मान हलवली. तेव्हाचं औषध म्हणजे वर्षभर सुया, आणि निम्म्यांना गुण यायचा नाही. पण निम्म्यांना यायचा ना! मावशी अपचनाच्या पुड्या घेत राहिली. शेवटच्या आठवड्यात माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, “तुझ्या तोंडावर काहीतरी लिहिलंय ग. मला वाचता येत नाहीये.”

मी तिला वाचून दाखवलं नाही. त्या फ्रीजच्या स्वप्नात एक बाटली तिची असते.

म्हणून तुला सांगते. आजार कुणी दिला ते शोधत बसू नकोस. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, त्यात रक्ताचंही मूळ घाल. पात्याला बोल लावू नकोस, पातं धरणाऱ्याला तर मुळीच नको. त्याला कुणी काही सांगितलं होतं का? ज्याला माहीतच नव्हतं तो कसला अपराधी! अपराधी ती, जिला माहीत होतं आणि जी गप्प बसली.

आणि ऐक. तू विटाळलेला नाहीस. मी तिथे असते तर तुझ्याच पेल्यातलं पाणी प्यायले असते, तुझ्या पांघरुणावर बसले असते आणि तुझ्या पाठीत एक धपाटा घातला असता. लाजायचं काही नाही. दंड पुढे कर.

तुझी ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र तुला आहे आणि आपल्या आद्य वाचकांनाही आहे. साहेब, आज जरा सावकाश वाचा. समोर उभे राहून सांगायचे धैर्य आम्हा दोघांत नाही, म्हणून लिहून देत आहोत.

ते कार्ड माझे नव्हते.

इथे सगळ्याची अदलाबदल चालते. पाण्याच्या रांगेतली जागा, झाडलोटीची पाळी, झरोक्याखालची दुपार. तशी मी सुईची पाळी बदलली. तू शब्द मागितला होतास आणि टेबलावरचा कापसाचा बोळा पाहूनच मी मागे वळलो. उस्ताद म्हणाला, “शर्ट काढा. रक्त काय, तुमचं काय नि माझं काय, लालच असतं.” संडासाच्या आडोशाला शर्ट बदलले. तो माझा नंबर घालून बोट पुढे करून आला, मी त्याच्या सैल शर्टात भिंतीला टेकून सूर्यास्त पाहत राहिलो. तुला ती गंमत बरोबर वाटली होती. ते पाच थेंब उस्तादाचे होते. म्हणून केळेही त्याचेच होते.

निकालाची हाक आली तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही कळले. त्या दुपारी तो माझ्या कानाशी म्हणाला, “मास्तर, एक काम करा. दुसरं रक्त तुम्ही स्वतः द्या. तुमचं चांगलं निघेल. मिटेल.” मी विचारले, “आणि तू?” म्हणाला, “मी सुटतोय. घरी बायको आहे. तिला काय सांगू, तीन वर्षांनी आलोय आणि काय आणलंय? आणि ह्या चोवीस जणांना काय सांगू? चोवीस तोंडं माझ्या हाताखालून गेलीत.”

आणि ताई, ते खरेच मिटले असते. मी जाऊन रक्त दिले असते, स्वच्छ निघाले असते, सिस्टर म्हणाल्या असत्या, नशीबवान आहात, आपोआप गेले. तूच लिहिलेस ना, चारातल्या एखाद्याचे जाते. कार्ड बंद. उस्ताद पिशवी घेऊन घरी. वीस वर्षे कुणालाच काही कळले नसते, त्याच्या यकृताखेरीज. चक्कर येते म्हणून मी सिस्टरांना थांबवले ते याचसाठी. हो म्हणवत नव्हते, नाही म्हणवत नव्हते. मधल्या काळात बरॅकने जे माझे केले ते त्याच्या वाट्याचे होते, आणि तो बाजूला पडून ते पाहत होता.

मग तुझे पत्र आले. दुपारची बंदी होती, ऊन तिसऱ्या खांबापाशी आले होते. “काय म्हणतात ताई?” उस्तादाने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडले. मी हलक्या आवाजात वाचू लागलो. आईच्या मजकुरापाशी मी अडलो. उस्ताद थांबला. मग मी पुढचे वाचले. वाचून झाल्यावर म्हणाला, “पुन्हा वाचा. ‘पातं धरणाऱ्याला’ तिथून.”

तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले होते. मला वाटले झोपला. तर म्हणाला, “हे पत्र माझं आहे, मास्तर. चुकून तुमच्याकडे आलं.”

“हो,” मी म्हटले. “माझ्या शर्टात आलं.”

“त्या दिवशी केवळ तुमच्यासाठी गेलो नव्हतो मी. मलाही बघायचं होतं. वाटलं, तुमच्या नावानं दिलं तर चांगलं येईल. शिकलेल्या माणसाचं नाव.”

एवढी भाबडी श्रद्धा माझ्या नावावर माझ्या विद्यार्थ्यांनीही ठेवली नाही.

मी त्याला सांगितले की मी एकदा डोळा मिटला आणि एक माणूस गेला. तेव्हा निदान झोप लागली होती. या वेळी मी टक्क जागा आहे. तो उठून बसला. मग म्हणाला, “लिहा. मी सही करतो. पण साहेबांना एक विचारा. आम्हाला दोघांना हाक मारतील तेव्हा सगळे बघतील. तेवढं काही करता येईल का?”

साहेब, तेवढे काही करता येईल का?

खाली दोन सह्या आहेत. वाकडी ती उस्तादाची; पण खरे सांगायचे तर आज माझीही सरळ आलेली नाही. शिक्षा जी असेल ती दोघांनाही मान्य आहे, फक्त ती वेगवेगळ्या बरॅकची नसावी.

तुझा (स्वतःच्या शर्टातला)
पोथ्या


२४ एप्रिल

गाढवा,

शेजारणीने विचारलं, हसताय का रडताय? मी म्हटलं, आलटून पालटून.

मी तुझ्या यकृतासाठी एकवीस दिवस झोपले नाही, आणि ते यकृत शिंप्याचं निघालं! बरं, त्याचं तर त्याचं. माझ्या काळजीचं काही वाया जात नाही, कुणालाही बसते. त्याला सांग, पत्र त्याचंच आहे. ठेव म्हणावं.

तुझ्या पत्राच्या शेवटी, ‘तपासले’च्या शिक्क्याखाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलंय. तुला दिसलं नसेल, म्हणून उतरवते: “सिस्टरांशी बोललो. दुसऱ्या खेपेसही सगळ्यांनाच बोलावतील. ज्यांच्यात काही नाही त्यांना बी काविळीची लस, ज्यांच्यात आहे त्यांना दुसरे रक्त. सुई सर्वांनाच, दार एकच. शर्टाबद्दल समज देण्यात येईल. पात्यांची मागणी वर पाठवली आहे. वर म्हणजे किती वर, हे विचारू नये.”

तुझा आद्य वाचक तुझ्याहून बरं लिहितो.

आता तुझं. तू अजून दिलेलंच नाहीस रक्त, लक्षात आलं का तुझ्या? चोवीस दाढ्यांत एक तुझीही होती. आणि ज्या मावशीचं मी तुला सांगितलं, तिच्याच पोटी तू आलास. ते आईकडून मुलात क्वचित जातं, पण जातं. छताकडे बघ आणि दे.

ताई


२२ मे

प्रिय ताई,

सहा तारखेला सगळ्या बरॅकला हाक आली. नंबरवार नव्हे, सरसकट. एकाच दाराने आत, त्याच दाराने बाहेर, आणि बाहेर येणारा प्रत्येक जण दंडावर कापूस धरून. कुणाला लस टोचली, कुणाचे रक्त काढले, काही पत्ता लागेना. आमच्यातल्या हुशारांनी दोन दिवस तर्क लढवले, मग कंटाळून सोडून दिले. माझा पेला कुणी केव्हा परत रांगेत ठेवला, मला दिसले नाही. जमीन मात्र पुन्हा दोन हातांची झाली. साष्टांग नमस्काराचा योग हुकला.

मी छताकडे पाहिले. तिथे एक पाल होती, तीही घाबरलेली. उस्तादाने माझा डावा हात धरला होता. सिस्टरांनी चष्म्यावरून आम्हाला पाहिले आणि म्हणाल्या, “दोघांनी आपापलेच शर्ट घातलेत ना?” उस्ताद म्हणाला, “हो सिस्टर. ह्यांचा मला घट्ट होतो.”

निकाल आम्ही एकत्रच ऐकला, आमच्याच मागणीवरून. दोघांतही सी आहे. दोघांत तो अजून बसलेला आहे. दोघांची यकृते मात्र बऱ्यापैकी शाबूत, वेळेवर सापडलात म्हणाल्या.

म्हणजे बघ, दुसऱ्याच्या रक्ताने माझ्या नावावर खोटी साक्ष दिली, आणि ती खरी ठरली.

उस्तादाचा चेहरा राखेसारखा झाला. “मी दिला,” म्हणाला. “माझ्या हातानं.” मी म्हटले, “उस्ताद, थांब. घाई करू नकोस. माझ्याकडे आणखी एक उगम आहे.” आणि आईचे त्याला पुन्हा सांगितले. त्याने विचारले, “मग नक्की कुठून?” मी म्हटले, “ते पत्र तुझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, विचारू नये.”

परवा तो सुटला. पिशवी हलकी नव्हती. गोळ्यांचे डबे, पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी आणि तुझे पत्र. जाण्याआधी त्याच्या बायकोला शेवटचे पत्र लिहिले. मी चांगली प्रस्तावना योजली होती. त्याने ती खोडायला लावली. त्याने सांगितले तेवढेच लिहिले: “मला रक्तातली कावीळ आहे. गोळ्या चालू आहेत. बरी होते. तू पण तपासून घे, मी सोबत येतो. पाहुण्यासारखं वागवू नकोस.” सव्वीस वर्षे मी निबंध शिकवत होतो, ताई. इतके सरळ वाक्य मला साधले नाही.

माझ्या चौऱ्याऐंशी गोळ्या आहेत. आज पाचवी. बंदीच्या आधी घेतो. तोही तिकडे त्याच वेळी घेईल, असे ठरले आहे. पेला उन्हाच्या चौकोनात धरला की पाणी क्षणभर नदीसारखे दिसते.

आईची म्हणून माझ्याकडे काही वस्तू उरली नाही, असे मी समजत होतो. कदाचित उरली होती आणि बावन्न वर्षे मी ती अंगावर वागवली. कदाचित ती तिची नसेलही, एखाद्या रविवारच्या पात्याची असेल. चौऱ्याऐंशी दिवसांनी जाईल, कुणाची का असेना.

काल दुपारी होडी लवकर सुटली. नदी उतरली होती, तळचे दगड दिसत होते. सायकल काठाला टेकवून ठेवलेली होती. सायकलवाला तिच्यापाशी उभा राहून पाणी पीत होता. जवळच दगडावर आई बसली होती, पाय पाण्यात सोडून. मी तिच्याशेजारी बसलो आणि तिला सगळे सांगितले. तिला काय झाले होते, ते कुठून आले, कोण जाणत होते आणि कोण गप्प राहिले. तुझेही नाव घेतले, ताई, क्षमा कर.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग पाय हलवत म्हणाली, “एवढंच होय? मग सांगायचं की रे आधी. मी आपली उगाच त्या पुड्या खात बसले.”

आणि तुझी चौकशी केली.

तुझा
पोथ्या